वाचकांचे प्रश्न: धंद्याचं हवामान मोजायचं कसं?

विकसनशील देशांत धंदा उभा करणं आणि चालवणं किती सोपं, किती अवघड, यावर जगभर झालेल्या संशोधनाबद्दल आलेल्या पत्रांतली सात पत्रं या वेळी घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत. काही पत्रांत सरकारी कार्यालयांची नावं होती, तीही काढली आहेत.

धंदा करणं कुठे किती सोपं, याचे क्रमांक लावणाऱ्या जागतिक बँकेच्या ‘डूइंग बिझनेस’ यादीत भारत १४२ वरून ६३ वर आला, असं आमच्या पुस्तकात आहे. नंतर ती यादीच घोळामुळे बंद झाली म्हणे. मग परीक्षेत काय लिहायचं? प्रगती खरी की खोटी?
– विद्यार्थिनी, नाशिक

दोन्ही गोष्टी लिहा, आणि त्याआधी ती यादी नेमकं काय मोजत होती ते लिहा. गुण त्यातच आहेत.

या मोजमापाची सुरुवात पेरूमध्ये झाली. १९८३ मध्ये तिथले अर्थशास्त्रज्ञ एर्नांडो दे सोतो यांच्या गटाने लिमा शहरात कपडे शिवायचा एक छोटा कारखाना कायदेशीर मार्गाने नोंदवून पाहिला. सगळे कागद हातात यायला २८९ दिवस लागले. पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्रज्ञ सिमिऑन जांकोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८५ देशांत नवी कंपनी सुरू करायला किती पायऱ्या लागतात ते मोजलं. कॅनडात २, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये २१. मोझांबिकमध्ये १९ पायऱ्या आणि १४९ कामाचे दिवस. हीच पद्धत घेऊन जागतिक बँकेने २००३ पासून वार्षिक अहवाल काढायला सुरुवात केली.

आता पद्धत पाहा. हा अहवाल उद्योजकांना त्यांचा अनुभव विचारत नव्हता. एक काल्पनिक कंपनी ठरवलेली असे. बांधकाम परवान्यासाठी तिचं एक दुमजली गोदाम, क्षेत्रफळ १,३००.६ चौरस मीटर. वकील, सनदी लेखापाल, वास्तुविशारद यांना विचारायचं, की नियमाप्रमाणे या गोदामाला किती पायऱ्या, किती दिवस, किती खर्च? तोही देशातल्या सर्वांत मोठ्या व्यापारी शहरातला. भारतासाठी आधी फक्त मुंबई. १० कोटींवर लोकसंख्या असलेल्या देशांसाठी २०१५ च्या आवृत्तीपासून दुसरं शहर आलं, म्हणजे दिल्ली. मुंबईचं वजन ४७ टक्के, दिल्लीचं ५३. नांदेडच्या गोदामाचं वजन शून्य.

त्यामुळे सुधारणा जिथे झाली तिथे ती खरीच होती. मुंबई-दिल्लीच्या महापालिकांनी बांधकाम परवाने ऑनलाइन केले आणि या एका निकषावर भारत २०१८ च्या आवृत्तीतल्या १८१ व्या क्रमांकावरून पुढच्याच वर्षी ५२ व्या आणि त्यानंतर २७ व्या क्रमांकावर गेला. पण २०२० च्या, म्हणजे शेवटच्या आवृत्तीत करार अंमलबजावणीत भारत १९० पैकी १६३ वा होता. एक साधा व्यापारी दावा दाखल करण्यापासून पैसे वसूल होईपर्यंत १,४४५ दिवस. अर्ज ऑनलाइन करता येतो, न्यायाधीशाची तारीख तशी येत नाही. क्रमांक सुधारायचा असेल तर कुठल्या खात्यात आधी हात घालायचा हे सरकारांना लवकर कळलं, आणि ते भारतापुरतंच नव्हतं.

घोळाबद्दल. ऑगस्ट २०२० मध्ये प्रकाशन थांबवलं आणि १६ सप्टेंबर २०२१ रोजी अहवाल कायमचा बंद केला. गडबड सापडली ती २०१८ च्या आवृत्तीत चीनच्या आकड्यांत आणि २०२० च्या आवृत्तीत सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजानच्या आकड्यांत. भारताचं नाव त्यात नव्हतं. ‘भारताचा क्रमांक बनावट निघाला’ असं लिहिलंत तर गुण जातील, आणि जायलाच हवेत.

या यादीवरची सगळ्यांत जड टीका मात्र या घोळाच्या आधीची आहे. जागतिक बँकेचंच दुसरं एक सर्वेक्षण आहे, ‘एंटरप्राइझ सर्व्हे’. त्यात पाच किंवा जास्त कामगारांच्या नोंदणीकृत उद्योगांकडे प्रत्यक्ष जाऊन अनुभव विचारतात. मेरी हॉलवर्ड-ड्रायमायर आणि लँट प्रिचेट यांनी दोन्हींचे दिवस शेजारी ठेवले तेव्हा त्यांचा एकमेकांशी जवळपास संबंधच लागेना. कागदावर जिथे परवान्याला शेकडो दिवस, तिथे अनेकांना तो काही दिवसांत मिळालेला. त्याच शहरातला दुसरा मात्र महिनोन् महिने खेटे घालतोय. म्हणजे नियम सगळ्यांना सारखाच जाचक नसतो. ज्याची ओळख आहे त्याला तो लागतच नाही. देशाची सरासरी काढली की नेमका हा फरक गायब होतो.

यादीच्या जागी आलेल्या ‘बी-रेडी’चा पहिला अहवाल ऑक्टोबर २०२४ मध्ये ५० अर्थव्यवस्थांवर आला. त्यात कायदा, सरकारी सेवा आणि प्रत्यक्षातली कार्यक्षमता असे तीन वेगळे गुण देतात आणि उद्योगांची सर्वेक्षणंही धरतात. सगळ्याचा मिळून एकच क्रमांक देत नाहीत. मथळ्यांची पंचाईत झाली, पण ते बरं झालं.

माझं छोटं वर्कशॉप आहे, चार माणसं. नोंदणी करा, धंदा वाढेल असं सगळे सांगतात. यावर कुणी खरोखर अभ्यास केलाय का?
– वर्कशॉपवाले, भोसरी

केलाय, आणि निष्कर्ष सरकारी जाहिरातींना फारसा सोयीचा नाही.

श्रीलंकेत सुरेश दे मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि ख्रिस्तोफर वुड्रफ यांनी बिगरनोंदणी धंदेवाल्यांचे चिठ्ठ्या टाकून गट केले. एका गटाला फक्त माहिती दिली आणि नोंदणीचा खर्च परत करायची तयारी दाखवली. परिणाम शून्य. दुसऱ्यांना वर पैसेही देऊ केले. अर्ध्या ते एका महिन्याच्या नफ्याइतकी रक्कम दिल्यावर साधारण पाचवा हिस्सा नोंदणीला आला, दोन महिन्यांच्या नफ्याइतकी दिल्यावर निम्मे. बाकीचे तरीही नाहीत. अनेकांची अडचण जागेच्या कागदांची होती. म्हणजे अडथळा फॉर्मच्या फीचा नव्हता. त्या माणसांच्या हिशेबात नोंदणीने काही हाती लागत नव्हतं.

मेक्सिकोत २००२ पासून एकेका नगरपालिकेत झटपट नोंदणीची खिडकी उघडली. मिरियम ब्रून यांनी पाहिलं तर नोंदणीकृत धंदे ५ टक्क्यांनी वाढले. पण हे नवे मालक आधीचे बिगरनोंदणीवाले नव्हते, नोकरी करणारे लोक होते. नव्या स्पर्धेमुळे जुन्यांचं उत्पन्न थोडं घटलं.

तुमच्यापुरतं बोलायचं तर नोंदणी ‘धंदा वाढतो’ म्हणून करू नका, एका नेमक्या कारणासाठी करा: थकलेली येणी. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि मोफत आहे. आधार आणि पॅन लागतो. पैसे मागणारी संकेतस्थळं खासगी दलालांची असतात, तिकडे वळू नका. सूक्ष्म-लघु उद्योगाचा माल किंवा सेवा घेतल्यावर खरेदीदाराने लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ पासून याला आयकराचीही धार आली: मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही.

फसतं कुठे? एक, नोंदणी व्यवहारानंतर केली तर जुन्या बिलांवर वाद उभा राहतो. म्हणून आधी करा. दोन, उद्यम क्रमांक बिलावर छापलेला नसतो आणि खरेदीदार ‘माहीतच नव्हतं’ म्हणून हात झटकतो. तीन, मालाच्या पोचपावतीवर तारीख नसते. मुदत तर माल स्वीकारल्यापासून मोजतात. आणि चौथं कायद्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. एकच मोठा गिऱ्हाईक असेल तर त्याच्याकडे व्याज मागायचं धाडस होत नाही. तिथे ही तरतूद बरेचदा कागदावरच राहते.

नाके कमी झाले की वाटेतली चिरीमिरी कमी होते, हे खरं का? आमचा अनुभव वेगळा आहे.
– वाहतूकदार, सातारा

तुमच्या अनुभवाला इंडोनेशियातून दुजोरा आहे. आचे प्रांतात बेन ओल्कन आणि पॅट्रिक बॅरन यांनी माणसं क्लीनरच्या वेशात ट्रकमध्ये बसवली. ३०४ फेऱ्या, ६,००० पेक्षा जास्त बेकायदा देणी, म्हणजे एका फेरीत सरासरी वीस. कधी रोकड, कधी सिगारेटचं पाकीट. फेरीच्या खर्चात लाचेचा वाटा १३ टक्के आणि ड्रायव्हरच्या पगाराचा १०. आपल्याकडे याच्याशी ताडून पाहायला कुणी असा हिशेब मांडावा, ही इच्छा.

सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या ऑगस्ट २००५ च्या शांतता करारानंतर आचेतून हजारो सैनिक आणि पोलीस मागे घेतले, त्यांच्याबरोबर नाकेही उठले. मग झालं असं की उरलेल्या नाक्यांनी दर वाढवले. ट्रक जितका जास्त देऊ शकतो तितकं प्रत्येक नाका ओढायला बघतो. आधीच्यांनी कमी घेतलं की पुढच्याला जागा होते. गंतव्याच्या जवळचे नाके जास्त मागतात असंही दिसलं, कारण इतक्या लांब आल्यावर माल घेऊन परत कोण फिरेल? एकूण भार घटला, पण नाके घटले त्या प्रमाणात नाही. म्हणून ‘नाके हटवले’ एवढ्या बातमीवर विसंबू नका. फेरीमागे एकूण किती गेले ते पाहा. वही ठेवायची असेल तर चार रकाने पुरे: ठिकाण, वेळ, कोणत्या कारणाने अडवलं, किती. महिनाभर सगळ्या गाड्यांची नोंद केली तर कोणता टप्पा महाग आहे ते दिसतं, आणि संघटनेने कुठे बोट ठेवायचं तेही.

‘लाच म्हणजे जलद सेवेची फी’ हा युक्तिवाद तुमच्या पत्राच्या शेवटी आहे. त्यावर दिल्लीतला वाहन परवान्याचा प्रयोग वाचण्यासारखा आहे. त्याच्या चार लेखकांत वर आलेले जांकोवही आहेत. ८२२ अर्जदार घेतले. परवाना मिळालेल्यांनी सरासरी १,१२० रुपये खर्च केले होते, सरकारी फी तेव्हा ४५० होती. ७१ टक्के लोकांनी वाहन चालवायची परीक्षा दिलीच नव्हती. संशोधकांनी अचानक स्वतंत्र चाचणी घेतली तर ६२ टक्क्यांना गाडी धड चालवता येत नव्हती. आणि सरळ मार्गाने गेलेल्यांना नापास करणं मनमानी होतं, येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला सारखंच. एजंटकडे वळायला लावणं हाच त्या नापासाचा उपयोग. म्हणजे पैसे देऊन रांग चुकवली जात नव्हती. रांग पैशासाठीच लावलेली होती.

२४ यंत्रमाग आहेत, खर्चीवर (दुसऱ्याचं सूत मजुरीने विणून देण्याचं) काम करतो. मुंबईजवळच्या कापड कारखान्यांवर परदेशी प्राध्यापकांनी प्रयोग करून उत्पादकता वाढवली असं वाचलं. ते मोठ्यांचं, आमच्या उपयोगाचं त्यात काही आहे का?
– यंत्रमागधारक, इचलकरंजी

आहे, आणि बहुतेक सगळं फुकटातलं आहे.

हा प्रयोग निक ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स यांचा. तारापूर आणि उंबरगाव भागातले १७ उद्योग, प्रत्येकी १०० ते १,००० कामगारांचे, कुटुंबाच्या मालकीचे, सुती कापड विणणारे. सगळ्यांचं महिनाभर निदान केलं. मग चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या कारखान्यांत सल्लागारांनी पुढचे चार महिने हाताला धरून सवयी बसवल्या. बाकीच्यांना फक्त निदान. सवयी एकूण ३८. त्यात अवघड शास्त्र काही नाही: माग का थांबला ते लिहा, कापडातला दोष कुठल्या मागावरचा ते लिहा, सुताचा साठा मोजा, हत्यारं जागेवर ठेवा, रोज दहा मिनिटं उभ्याने बैठक घ्या. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. तीन वर्षांत या उद्योगांनी नवे कारखानेही जास्त उघडले. आधी मनुष्यबळाचा जवळपास पाचवा हिस्सा दोष दुरुस्तीत अडकलेला होता.

तुमच्या आकारात हे असं बसतं.

आधी क्षमता काढा. माग मिनिटाला १२० पिकं (आडव्या धाग्याचे फेरे) मारत असेल आणि पाळी १२ तासांची असेल तर ७२० मिनिटांत ८६,४०० पिकं. कापड इंचाला ४८ पिकांचं असेल तर ८६,४०० भागिले ४८, म्हणजे १,८०० इंच, म्हणजे ५० यार्ड, साधारण ४५.७ मीटर. प्रत्यक्षात ३५ यार्ड निघत असेल तर कार्यक्षमता ७० टक्के. हा आकडा सबंध शेडचा काढू नका, मागवार काढा. सरासरी ७० असेल आणि चार माग ५५ वर असतील, तर तुमचा प्रश्न चोवीस मागांचा नाही, चारांचा आहे.

मग थांब्याची वही. प्रत्येक मागाला पाळीमागे एक ओळ आणि कारणाला एकेक अक्षर: ता – ताणा (उभा धागा) तुटला, बा – बाणा (आडवा धागा) तुटला किंवा संपला, बी – बीम (ताण्याचा रूळ) बदल, या – यांत्रिक, वी – वीज, का – कामगार जागेवर नाही. पाच मिनिटांच्या वरचा थांबाच लिहायचा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी वही बंद पडते. हिशेब सोपा आहे: २४ माग, दोन पाळ्या, प्रत्येकी १५ मिनिटं वाया गेली तर दिवसाला ७२० मिनिटं. म्हणजे एक माग एक अख्खी पाळी बंद. तीन आठवड्यांत कारणं उघडी पडतात. ‘ता’ एकाच लॉटच्या बीमवर गर्दी करत असेल तर जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) बोलू नका, सायझिंगवाल्याकडे (ताण्याला खळ देणाऱ्याकडे) ती वही घेऊन जा.

तिसरं, दोषांची नोंद. तपासणीच्या टेबलावर कापड बघताना दोष, माग क्रमांक, पाळी आणि बीम क्रमांक असे चार रकाने. बहुतेक शेडमध्ये दोष दुरुस्त होतो, पण लिहिला जात नाही. त्यामुळे तोच माग महिनोन् महिने तोच दोष काढत राहतो. खर्चीवाल्याला सुताचा साठा स्वतःचा नसतो हे मान्य, तरी आलेल्या पोत्यांवर काउंट (सुताची जाडी), लॉट आणि तारीख ठळक लिहा. दोन लॉटचा बाणा एकाच कापडात गेला की पट्टे पडतात आणि वजावट तुमच्या खर्चीतून होते.

यात बिघडतं कुठे? पहिल्याच आठवड्यात मालक वही बघून दंड लावतो. त्या दिवसापासून वहीत फक्त ‘वी’ येऊ लागतं, सगळा दोष विजेवर. निदान दोन महिने नोंदीचा पगाराशी संबंध जोडू नका. बक्षीस द्यायचं तर पूर्ण भरलेल्या वहीला द्या, चांगल्या आकड्याला नको. दुसरी अडचण दिवाणजीची, म्हणजे शेड सांभाळणाऱ्या माणसाची. संशोधक आठ-नऊ वर्षांनी त्याच कारखान्यांत परत गेले तेव्हा बसवलेल्या सवयींपैकी जवळपास निम्म्या सुटलेल्या होत्या. मुख्य कारणं दोन: कारखान्याचा व्यवस्थापक बदलला, आणि मालकांना वेळ उरला नाही. तरीही ज्यांना फक्त निदान मिळालं होतं त्यांच्यापेक्षा ते पुढेच होते. एका कारखान्यातली सवय त्याच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यात पोचली होती. शेजारच्या मालकाकडे मात्र सहसा नाही.

या अभ्यासातला सगळ्यांत बोचणारा निष्कर्ष वेगळाच आहे. उद्योग किती मोठा होणार, हे मालकाच्या कुटुंबात कामाला लावण्याजोगे पुरुष किती, यावर ठरत होतं. बाहेरच्या व्यवस्थापकाने अफरातफर केली तर कोर्टात वर्षं जाणार, म्हणून भाऊ, मुलगा, पुतण्या यांच्यापलीकडे कुणाच्या हाती किल्ली नाही. (मुलींना धरलंच नव्हतं, हा हिशेब त्या घरांनी कधी करून पाहिला असता तर!) पहिल्या पत्राच्या उत्तरातले कोर्टाचे १,४४५ दिवस आणि तुमच्या गावातल्या शेडचा आकार यांचा संबंध असा लागतो. चांग-ताय शिए आणि पीटर क्लेनाउ यांनी दाखवलंय की अमेरिकेत चाळीस वर्षं टिकलेल्या कारखान्यात नव्या कारखान्याच्या सातपटींहून जास्त कामगार असतात. भारतात तेवढ्याच काळात ते जेमतेम दुप्पट होतात.

कामगार कायद्यांमुळे महाराष्ट्राची कारखानदारी गेली, असं संशोधनाने सिद्ध झालंय असं एका व्याख्यानात ऐकलं. तुमचं मत?
– निवृत्त गिरणी कामगार, परळ

सिद्ध झालेलं नाही. वक्त्यांचा रोख बहुधा टिम बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांच्या २००४ च्या लेखाकडे असावा. त्यांनी १९५८ ते १९९२ मध्ये १६ राज्यांनी औद्योगिक विवाद कायद्यात केलेल्या प्रत्येक दुरुस्तीला कामगारांच्या बाजूची असेल तर अधिक एक, मालकांच्या बाजूची असेल तर उणे एक, नाहीतर शून्य असे गुण दिले आणि ते साठवत नेले. महाराष्ट्र, पश्चिम बंगाल, ओडिशा आणि गुजरात कामगारधार्जिणे ठरले. अशा राज्यांत नोंदणीकृत कारखानदारीची वाढ, गुंतवणूक आणि रोजगार कमी दिसले.

गुजरात कामगारधार्जिणा? इथेच दिल्लीचे अर्थशास्त्रज्ञ आदित्य भट्टाचार्जी यांनी २००६ मध्ये बोट ठेवलं. गुजरातला तो शिक्का एकाच दुरुस्तीमुळे बसला होता. विषय कारखान्यातल्या संयुक्त व्यवस्थापन समित्यांचा, आणि मालकाने प्रतिनिधी नेमला नाही तर दिवसाला ५० रुपये दंड. कारखाना बंद करायला परवानगी लागणं आणि ही तरतूद, दोन्हींना सारखाच गुण! असे गुण साठवून काढलेल्या निर्देशांकावर पुढे कितीतरी लेख उभे राहिले. कायद्याचा काहीच परिणाम झाला नसेल असं नाही. पण त्या तक्त्यावरून मुंबईच्या गिरण्यांचा निकाल लावणं चूक आहे. तिथे यंत्रमागांची स्पर्धा, जुनी यंत्रं, १९८२ चा संप आणि जमिनीचे भाव असं बरंच काही एकात एक गुंतलंय.

गावठाणातल्या घराची सनद मिळाली. आता बँक धंद्याला कर्ज देईल का?
– किराणा दुकानदार, जिल्हा सोलापूर

केवळ सनदेवर देईल, ही आशा धरू नका. कागद मिळाला की गरिबाची मालमत्ता भांडवल होते, हा दे सोतोंचा लाडका विचार. अर्जेंटिनात ब्यूनोस आयर्सजवळ १९८१ मध्ये काही कुटुंबांनी रिकाम्या जमिनीवर घरं बांधली. काही मूळ मालकांनी सरकारी भरपाई घेतली, काही कोर्टात गेले. त्यामुळे शेजाऱ्याशेजाऱ्यांत काहींना मालकीहक्क मिळाला, काहींना नाही. सेबास्तियान गालियानी आणि अर्नेस्टो शार्ग्रोदस्की यांना दिसलं की कागद मिळालेल्यांनी घरं सुधारली, मुलं जास्त शिकली. कर्ज मात्र जवळपास वाढलं नाही. पेरूत कागद मिळाल्यावर लोक घराबाहेर जास्त तास कामाला जाऊ लागले, कारण घर राखत बसायची गरज उरली नाही.

बँक आधी परतफेडीची क्षमता बघते. बारा महिन्यांचं खात्याचं विवरण, आयकर विवरणपत्रं, जीएसटी असेल तर त्याच्या नोंदी. दुकानातली रोजची विक्री यूपीआयने खात्यात जमा होत असेल तर ती सनदेपेक्षा जास्त कामाला येते. सनदेवर भावांची नावं असतील तर गहाणासाठी सगळ्यांच्या सह्या लागतील. आणि गावातलं घर लिलावात घ्यायला गावातलं कुणी पुढे येत नाही, हे शाखाधिकाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

औद्योगिक वसाहतीतल्या ६०० उद्योगांच्या अडचणींवर एम.ए.चा प्रबंध करतोय. नमुना किती घ्यावा? लाचेबद्दल विचारावं का?
– विद्यार्थी, कोल्हापूर

नमुन्याचं गणित आधी. ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्क्यांची चूक चालणार असेल तर मोठ्या समूहासाठी ३८४. तुमचा समूह ६०० चा, म्हणून ३८४ भागिले (१ + ३८३/६००), म्हणजे साधारण २३४. समजा ५ ते १९ कामगारांचे ५०० उद्योग आहेत, २० ते ९९ चे ८०, आणि १०० च्या वरचे २०. सरसकट चिठ्ठ्या टाकल्या तर मोठे सात-आठच येतील. त्यापेक्षा १५०, ६४ आणि २० असे घ्या आणि सरासरी काढताना वजनं लावा, म्हणजे नमुन्यातला एक उद्योग किती उद्योगांच्या वतीने बोलतो ते धरा: ३.३३, १.२५ आणि १. वजन लावायला विसरणं ही प्रबंधांत नेहमी दिसणारी चूक. विसरलात तर निष्कर्ष मोठ्या उद्योगांकडे झुकेल.

यादीत बंद पडलेले, शटर लावलेले, दुसऱ्यालाच भाड्याने दिलेले गाळे असणारच. प्रत्येक पत्त्यावर काय सापडलं ते लिहा. बंद गाळ्याच्या जागी शेजारचा घेऊ नका, राखीव यादीतला पुढचा क्रमांक घ्या. हेही ध्यानात ठेवा की विजेच्या त्रासाने बंद पडलेला उद्योग तुमच्या नमुन्यात नाही. जो वाढतोय तोच वीज कमी पडते म्हणून ओरडतो, म्हणून तक्रार जास्त म्हणजे स्थिती वाईट, असं सरळ समीकरण मांडू नका.

नफा थेट एका प्रश्नात विचारा: ‘गेल्या महिन्यात सगळा खर्च आणि मजुरी जाऊन धंद्यातून किती उरले?’ श्रीलंकेतल्या दे मेल, मॅकेन्झी आणि वुड्रफ यांच्याच तपासणीत असं दिसलं की विक्री आणि खर्चाचे पन्नास प्रश्न विचारून वजाबाकी करण्यापेक्षा हा एक प्रश्न बरा चालतो. विक्री लोक साधारण तीस टक्के कमी सांगतात. अडचणींची यादी दाखवणार असाल तर कार्डावरचा क्रम बदलून चार-पाच प्रकारची कार्डं छापा. नाहीतर पहिली अडचण नेहमी पहिली येईल.

लाचेबद्दल विचारा, पण ‘तुम्ही देता का’ असं नको. ‘तुमच्यासारख्या उद्योगांना कामं करून घ्यायला वरचे पैसे द्यावे लागतात, असं म्हणतात; विक्रीच्या साधारण किती टक्के जात असतील?’ जागतिक बँकेच्या सर्वेक्षणात रचना अशीच असते. आणखी एक मार्ग नाण्याचा. उत्तर देणाऱ्याने तुमच्या पाठीमागे नाणं उडवायचं. छापा पडला तर काहीही असो ‘होय’ म्हणायचं, काटा पडला तर खरं सांगायचं. ६५ टक्के ‘होय’ आले तर त्यातले ५० नाण्याचे. उरलेले १५ हे खरं बोललेल्या ५० पैकी, म्हणजे खरं प्रमाण ३० टक्के. असे सात नाजूक प्रश्न ठेवा. नियम पाळला तर सातही वेळा काटा पडायची शक्यता १२८ मध्ये एक. सातही उत्तरं ‘नाही’ देणारे दहा-पंधरा जण निघाले तर ते लपवताहेत, आणि त्यांची वीज-रस्त्यांबद्दलची उत्तरंही वेगळी काढून तपासा. भीती फक्त लाचेच्या प्रश्नापुरती नसते.

वसाहतीच्या संघटनेचं शिफारसपत्र घ्या, पण मुलाखतीला संघटनेचा माणूस बरोबर नेऊ नका. आणि २३४ छापील प्रश्नावल्या काढण्याआधी नमुन्याबाहेरच्या दहा उद्योगांत चाचणी घ्या. पाऊण तासाच्या वर मुलाखत गेली तर प्रश्न कापा. मालक तोवर फोनवर गेलेला असतो.